देवसभेतील कलह आणि एका देवाचे मन : मेसोपोटेमियन महापूरकथा व नोहाची कथा

३ डिसेंबर १८७२ रोजी लंडन येथे बायबलविषयक पुरातत्त्वाच्या अभ्यासमंडळासमोर जॉर्ज स्मिथ यांनी एक निबंध वाचला. नोटांच्या छपाईचे ठसे कोरण्याचा व्यवसाय शिकलेले आणि स्वप्रयत्नाने कीलाक्षरलिपी आत्मसात केलेले स्मिथ त्या काळी ब्रिटिश म्युझियममध्ये निनवेहून आणलेल्या मृत्तिकापट्टिकांचे तुकडे जुळवीत होते. अशाच एका तुकड्यावर त्यांना डोंगरावर टेकलेली नौका आणि शोधार्थ सोडलेले कबुतर यांचा उल्लेख आढळला. सभेस पंतप्रधान ग्लॅडस्टन उपस्थित होते. या एका गोष्टीवरूनही त्या निबंधाकडे केवळ लिपिविशारदांचे लक्ष लागलेले नव्हते, हे ध्यानात येते. व्हिक्टोरियन इंग्लंडला बायबलच्या सत्यतेचा पुरावा हवा होता आणि स्मिथ यांच्या शोधातून तो मिळाल्याचा समज अनेकांनी करून घेतला. इतरांना त्याच शोधात बायबलच्या अनन्यतेचा अंत दिसला.

त्या सभेने मांडलेला प्रश्न अग्रक्रमाचा आणि ऋणाचा होता : आधी कोण, आणि कोणी कोणाकडून घेतले? पुढे दीर्घकाळ महापूरकथांचा तौलनिक विचार याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. त्याचे उत्तर आता पुष्कळसे स्पष्ट आहे. मात्र ते मिळाल्यावर जो प्रश्न खऱ्या अर्थाने साहित्याचा ठरतो, तो बहुधा मागे पडतो. मेसोपोटेमियन कथेत मनुष्यजातीचा नाश करणारा देव आणि तिला वाचविणारा देव हे दोन भिन्न देव आहेत आणि कथेचा आशय त्यांच्या कलहातून उलगडतो. ही सामग्री एकाच देवाची उपासना करणाऱ्या परंपरेच्या हाती आली, तेव्हा त्या कलहाचे काय झाले? बुडालेल्यांची बाजू मांडणारा आवाज कोणाच्या वाट्याला आला? प्रस्तुत विवेचनाचा विषय एवढाच आहे.

प्रथम संहितांचा थोडक्यात परिचय आवश्यक आहे. सुमेरियन भाषेतील महापूरकथा निप्पूर येथील एका भग्न पट्टिकेवर आहे. अर्नो पोबेल यांनी ती १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा नायक झिउसुद्र, आणि तिचा सुमारे एकतृतीयांश भागच उरलेला आहे. अक्कादी भाषेतील ‘अत्रहासीस’ हे काव्य बाबिलोनचा राजा अम्मी-सदुका याच्या काळात, म्हणजे इसवी सनपूर्व सतराव्या शतकात, तीन पट्टिकांवर नकलून ठेवलेले मिळते. लॅम्बर्ट आणि मिलर्ड यांनी त्याची संशोधित आवृत्ती १९६९ मध्ये सिद्ध केली. तिसरी संहिता गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या पट्टिकेतील. स्मिथ यांनी वाचली ती हीच. तिच्यात उत्नपिश्तिम हा पूर ओलांडून अमर झालेला पुरुष आपली कथा गिल्गमेशला सांगतो. जेफ्री टिगे यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे ही कथा महाकाव्यात मागाहून आली आणि ‘अत्रहासीस’च्या परंपरेतून आली. गंमत अशी की, स्मिथ यांनी १८७३ मध्ये एका लंडन वृत्तपत्राच्या खर्चाने निनवेला जाऊन अकराव्या पट्टिकेचा उरलेला भाग म्हणून जो तुकडा शोधून काढला, तो वस्तुतः ‘अत्रहासीस’च्या परंपरेचा होता.

बायबलमधील कथा उत्पत्तीच्या पुस्तकात सहाव्या ते नवव्या अध्यायांत येते आणि तीही एकजिनसी नाही. तिच्यात किमान दोन प्रवाह गुंफलेले आहेत, हे अठराव्या शतकातील आस्त्र्युकपासून वेलहाउझेनपर्यंतच्या चिकित्सेने दाखवून दिले आहे. एका प्रवाहात देवाचे नाव याहवे, पाऊस चाळीस दिवसांचा, शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या, आणि शेवटी होमार्पण. दुसऱ्यात देव एलोहीम, जलाचा जोर दीडशे दिवस, प्रत्येक जातीची एकच जोडी, यज्ञ नाही. त्याच्या जागी करार आहे. अभ्यासक या दुसऱ्या प्रवाहास याजकीय प्रवाह म्हणतात. संपादकाने हे दोन्ही प्रवाह जवळजवळ अखंड ठेवले, विसंगतीही पुसल्या नाहीत.

या संहितांमधील संबंध योगायोगाचा नाही, हे दाखविणाऱ्या खुणा कोणत्या? पूर, नौका आणि एक वाचलेले कुटुंब एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही. नदीकाठच्या कोणत्याही समाजात अशी कथा निर्माण होऊ शकते. फ्रेझर यांनी १९१८ मध्ये जगभरच्या पूरकथांचा जो संभार गोळा केला, त्यातून प्रामुख्याने हेच ध्यानात येते. उर येथील उत्खननात लेनर्ड वुली यांना १९२९ मध्ये लागलेल्या गाळाच्या जाड थराचीही येथे चर्चा नको. गाळाच्या थरातून कथानक निघत नाही. संबंध सिद्ध होतो तो अनावश्यक तपशिलांच्या साम्यातून, म्हणजे कथेला ज्यांची गरज नव्हती अशा गोष्टी दोन्हीकडे त्याच क्रमाने आल्या तर. पक्षी सोडण्याचा प्रसंग असा आहे. उत्नपिश्तिम कबुतर, मग पाकोळी, मग कावळा सोडतो. नोहा आधी डोमकावळा आणि मग तीनदा कबुतर सोडतो. यज्ञाचा सुगंध देवाने हुंगणे हाही तसाच तपशील.

सर्वांत बोलका पुरावा मात्र एका शब्दाचा आहे. नोहाच्या तारवाला आतून-बाहेरून जे डांबर लावावयाचे, त्यासाठी हिब्रू संहितेत ‘कोफेर’ हा शब्द येतो. या अर्थाने तो संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये अन्यत्र कोठेही नाही. शिशू मोशेला ज्या करंड्यात ठेवून नाईलच्या लव्हाळ्यांत सोडले, त्यालाही डांबर लावले होते, आणि तारू व करंडा या दोहोंसाठी ‘तेवा’ हा एकच शब्द आहे. पण तेथे डांबरासाठी ‘हेमार’ आणि ‘झेफेत’ हे नेहमीचे शब्द योजिले आहेत. नोहाच्या कथेत तेवढा ‘कोफेर’ का? उत्नपिश्तिमच्या नौकेला लावलेल्या डांबराचे अक्कादी नाव ‘कुप्रु’. शिलाजतूचे नैसर्गिक झरे असलेल्या युफ्रेटिसच्या खोऱ्यातून हा शब्द कथेला चिकटून पश्चिमेकडे आलेला दिसतो. शिवाय ‘कोफेर’ याजकीय प्रवाहातील, तर यज्ञाचा सुगंध याहवेवादी प्रवाहातील. म्हणजे दोन्ही प्रवाहांना मेसोपोटेमियन कथा आपापल्या परीने ठाऊक होती. ती केव्हा पोहोचली, यासंबंधी मतभेद आहेत. इसवी सनपूर्व सहाव्या शतकातील बाबिलोनच्या निर्वासात ती ऐकली गेली असेल. परंतु गिल्गमेश काव्याचा एक तुकडा मगिद्दो येथे आणि महापूरकथेचा एक तुकडा उगारित येथे सापडला आहे. त्यांवरून भूमध्य समुद्रालगतच्या प्रदेशातील लेखकांना ही परंपरा निर्वासापूर्वी कित्येक शतके परिचित होती, हेही उघड आहे.

अशा संबंधाची सिद्धता आणि नुसती समांतरता यांतील अंतर भारतीय अभ्यासकास शतपथ ब्राह्मणातील मनूच्या कथेवरून चटकन जाणवते. तेथेही पूर्वसूचना आहे, नौका आहे, उत्तरेकडील पर्वत आहे आणि पाणी ओसरल्यावर यज्ञ आहे. मात्र पूर का आला, हे सांगितलेले नाही. कोणी देव रागावलेला नाही, कोणाचे पाप नाही, आणि पूर्वसूचना देणारा मासा आधी मनूने वाचविलेला आहे. मनू एकटाच वाचतो आणि त्याने पाण्यात अर्पिलेल्या हवीतून वर्षभराने इडा उत्पन्न होते. उपकाराची फेड आणि यज्ञाची सर्जकता हा त्या कथेचा गाभा. तिचे सेमिटिक मूळ शोधण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकातील काही युरोपीय संस्कृतज्ञांनी केला. पण ‘कोफेर’सारखी खूण या कथेत दाखवावयास नाही. पुढे महाभारतात मासा ब्रह्मदेव होतो, मत्स्यपुराणात विष्णू होतो, आणि कथा युगान्ताच्या कल्पनेशी जोडली जाते. मराठी बायबलने नोहाच्या कथेसाठी ‘जलप्रलय’ हा शब्द रूढ केला आहे, त्यात ही पौराणिक छाया नकळत उतरते. प्रलय पुनःपुन्हा येतो. तो कालचक्राचा भाग आहे. उलट हिब्रू ‘मब्बूल’ एकदाच आला आणि पुन्हा येणार नाही, असे वचन देण्यासाठीच ती कथा सांगितली आहे. अक्कादी ‘अबूबु’ हाही असाच काळाचे दोन भाग करणारा शब्द. पुरापूर्वीचे राजे आणि पुरानंतरचे राजे ही विभागणी सुमेरियन राजावलीपासून चालत आलेली आहे. मराठी वाचकाने या दोन कथा शेजारी ठेवताना ‘प्रलय’ हा शब्द थोडा बाजूला सारणे हिताचे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळावयाचे. ‘अत्रहासीस’ची सुरुवात श्रमाने होते. कनिष्ठ देवांवर कालवे खणण्याचे काम लादलेले आहे. ते अवजारे जाळून एन्लिलच्या दाराशी बंड करतात. तोडगा म्हणून एका देवाच्या रक्तमांसात माती कालवून मनुष्य घडविला जातो आणि ओझे त्याच्या खांद्यावर येते. मनुष्यांची संख्या वाढते, त्यांच्या कोलाहलाने एन्लिलची झोप उडते. तो रोगराई पाठवितो, अवर्षण पाठवितो, दुष्काळ पाठवितो, आणि प्रत्येक वेळी एन्की आपल्या भक्ताला, अत्रहासीसला, युक्ती सांगून संकट परतवितो. शेवटचा उपाय पूर. या वेळी गुपित राखण्याचे बंधन देवांवर घातलेले असते. एन्की मग मनुष्याशी न बोलता बोरूच्या भिंतीशी बोलतो. शपथेचे शब्द पाळून तिचा हेतू मोडणारी ही चतुराई अकराव्या पट्टिकेत आणखी पुढे जाते. तेथे नगरवासीयांना काय सांगावे, हे ईया (एन्कीचेच अक्कादी नाव) उत्नपिश्तिमला शिकवितो. ते वाक्य समृद्धीच्या वर्षावाचे आश्वासन देते आणि वेगळ्या रीतीने ऐकले तर विनाशाची सूचना देते. मार्टिन वर्दिंग्टन यांनी २०२० मध्ये या द्व्यर्थी ओळींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. वाचविणारा देव येथे खोटे बोलवून वाचवितो, आणि ज्यांना फसविले तेच लोक नौका बांधण्याच्या कामी येतात. नौकेचे दार बाहेरून बंद करणाऱ्या पुझुर-एन्लिलला उत्नपिश्तिम आपला राजवाडा त्यातील संपत्तीसह बक्षीस देतो. काही घटकांत बुडणारा राजवाडा. अवघ्या महाकाव्यात याहून कठोर उपरोध क्वचितच सापडेल.

उत्पत्तीच्या पुस्तकात तारवाचे दार याहवे स्वतः लावतो. तपशील लहान आहे, पण त्यात सगळे परिवर्तन सामावलेले आहे. ज्याने पूर आणला, त्यानेच दार लावले. पुझुर-एन्लिल नाही, फसविलेले नगर नाही, भिंतीशी कुजबुज नाही. एलोहीम नोहाला आपला बेत सरळ सांगतो, कारण ज्याच्यापासून तो लपवावा असा दुसरा देवच नाही. एन्लिल आणि एन्की यांची कार्ये एकाच देवाकडे आल्यामुळे कथेतील डावपेच अनावश्यक होतात. मात्र डावपेचांबरोबर प्रतिवादही जाण्याचा धोका उद्भवतो.

मेसोपोटेमियन कथेत हा प्रतिवाद पूर आल्यावर उसळतो. मातृदेवता बेलेत-ईली प्रसववेदना होणाऱ्या स्त्रीप्रमाणे आक्रोश करते. आपणच देवसभेत या नाशाला संमती दिली, हा तिचा सल आहे. यज्ञाच्या वासाने भुकेले देव माश्यांसारखे गोळा होतात, तेव्हा ती एन्लिलला त्या अन्नाजवळ येण्यास मनाई करते. एन्लिल येतो तो एक मनुष्य वाचल्याचे पाहून संतापतो. मग ईया त्याला जाब विचारतो. त्याच्या युक्तिवादाचा आशय असा : अपराध ज्याचा, शिक्षा त्यालाच व्हावी, मनुष्यांची संख्या कमीच करावयाची होती तर सिंह, लांडगा, दुष्काळ किंवा साथ पुरेशी होती, पूर कशासाठी? सरसकट शिक्षेविरुद्ध वैयक्तिक उत्तरदायित्वाचा हा दावा आहे. तो एक देव दुसऱ्या देवाला भर सभेत ऐकवितो आणि एन्लिल त्यापुढे नमतो.

ईयाच्या या युक्तिवादाची जागा उत्पत्तीच्या पुस्तकात रिकामी आहे काय? वरवर पाहता आहे. परंतु याहवेवादी प्रवाहातील दोन स्थळे एकत्र ठेवली म्हणजे निराळे चित्र दिसते. सहाव्या अध्यायाच्या आरंभी याहवेला मनुष्य निर्माण केल्याचा अनुताप होतो आणि त्याच्या अंतःकरणास दुःख होते. कारण मनुष्याच्या मनातील कल्पना सतत दुष्ट असतात. आठव्याच्या शेवटी, होमाचा सुगंध घेतल्यावर, तो आपल्या मनाशी ठरवितो की पुन्हा भूमीला शाप द्यावयाचा नाही. कारण मनुष्याच्या मनातील कल्पना बालपणापासूनच दुष्ट असतात. नाशाचे कारण आणि नाश न करण्याचे कारण एकच! टीकाकारांना या पुनरुक्तीने पुष्कळ अडविले आहे. ती सुसंगत करून घेण्याचे प्रयत्न ताणलेले वाटतात, कारण येथे तर्काची सुसंगती अपेक्षितच नाही. देवसभेत दोघांनी वाटून घेतलेल्या भूमिका येथे एकाच मनात अनुक्रमाने येतात. पूर आणताना एन्लिल बोलतो आणि पूर ओसरल्यावर ईया, परंतु दोघांनाही आता एकच अंतःकरण आहे. म्हणूनच दोन्ही ठिकाणी संहिता ‘मन’ किंवा ‘हृदय’ हा शब्द आग्रहाने वापरते. कलह नाहीसा झालेला नाही. तो अंतर्मुख झाला आहे.

या अंतर्मुखतेची किंमतही मोजली पाहिजे, आणि बायबलच्या गौरवार्थ लिहिल्या गेलेल्या तौलनिक लेखनात ती सहसा मोजली जात नाही. तेथे नेहमीचा सूर असा की, बाबिलोनचे देव लहरी, भुकेले आणि भित्रे, तर बायबलचा देव नीतिमान. पूर आला तो कोलाहलाबद्दल नव्हे, हिंसेबद्दल. हे खरे आहे. याजकीय प्रवाहात पृथ्वी ‘हामास’ने, म्हणजे अत्याचाराने, भरली असे स्पष्ट म्हटले आहे. याहवेला सुगंध येतो, भूक लागत नाही. परंतु नैतिक कारण आले की बुडालेले सर्व अपराधी ठरतात, आणि अपराध्यांसाठी कोणी रडत नाही. मेसोपोटेमियन कथेत मृतांसाठी देवी रडते, तिच्याबरोबर देव रडतात. उत्नपिश्तिम झरोका उघडतो, गालावर ऊन पडते, सारी माणसे माती झालेली दिसतात आणि तो खाली बसून अश्रू ढाळतो. नोहा तारवाचे छत काढून पाहतो, तेव्हा त्याला दिसते ती कोरडी होत चाललेली जमीन. त्याच्या भावनेविषयी एक शब्द नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात दुःख आहे ते देवाचे, आणि तेही पुरापूर्वीचे. बाबिलोनमध्ये पश्चात्ताप नाशानंतर येतो, म्हणून तो मृतांसंबंधी असतो. येथे तो नाशाआधी येतो, म्हणून जिवंतांसंबंधी असतो.

स्मरणाच्या दोन खुणांतही हेच अंतर आहे. बेलेत-ईली माशीच्या आकाराच्या राजवर्ती मण्यांचा हार हाती धरून शपथ घेते की हे दिवस आपण विसरणार नाही. तिच्या गळ्यातली माशी पुरातील प्रेतांची आठवण देते, असे अभ्यासकांनी सुचविले आहे. एलोहीम ढगांत धनुष्य ठेवतो. त्यासाठी योजिलेला हिब्रू शब्द युद्धातील धनुष्याचाच आहे आणि शस्त्र खाली ठेवल्याचा अर्थ त्यातून घेता येतो. हे धनुष्य पाहून त्याला स्मरण व्हावयाचे ते सर्व सजीवांशी केलेल्या कराराचे. हाराला घडलेला नाश आठवतो, धनुष्याला दिलेले वचन. दोहोंत वचनाचे मूल्य उणे नाही. पण बुडालेल्यांची आठवण ठेवणारी खूण पाहिजे असेल, तर ती निनवेच्या पट्टिकांतच शोधावी लागते.

पुरानंतरच्या व्यवस्थेत मात्र पारडे फिरते. ‘अत्रहासीस’मध्ये तडजोड होते ती संख्येवर. काही स्त्रिया वांझ राहतील, पाशित्तु नावाची राक्षसी आईच्या मांडीवरून मूल हिरावील, काही वर्गांच्या देवदासींना अपत्य वर्ज्य राहील. म्हणजे ईयाचा न्याय्य युक्तिवाद मान्य झाला, पण त्याची भरपाई बाळंतिणींनी करावयाची! याउलट उत्पत्तीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ फलद्रूप होऊन बहुगुणित होण्याच्या आशीर्वादाने होतो. टिक्वा फ्रायमर-केन्स्की यांनी १९७७ मध्ये ‘अत्रहासीस’च्या प्रकाशात या अध्यायाचे केलेले वाचन येथे निर्णायक आहे. लोकसंख्या हा अपराधच नव्हे, असे ही संहिता जाणूनबुजून सांगते आणि अपराधाची जागा रक्तपाताला देते. मनुष्याचे रक्त सांडणाऱ्यास त्याचा जाब द्यावा लागेल, हा नियम तेथेच येतो. अपराध ज्याचा शिक्षा त्याला, हे ईयाचे तत्त्व अशा रीतीने कायदा होऊन परत आलेले आहे. परंपरा सामग्री घेते तेव्हा ती वादही घेते आणि कधी कधी त्यात बाजू पालटते, हे दाखविणारे इतके स्वच्छ उदाहरण दुर्मिळ.

वाद घेण्याच्या या प्रक्रियेत कथनाच्या रचनेलाही महत्त्व आहे. गिल्गमेश काव्यात पुराची कथा वाचलेला मनुष्य स्वतः सांगतो. त्याला आवाज आहे, लबाडीची कबुली आहे, अश्रू आहेत. नोहा पुराच्या आधी, पुरात आणि पुरानंतर एकही शब्द उच्चारीत नाही. आज्ञा होते, तो तसे करतो. संहितेत त्याचे बोलणे प्रथम ऐकू येते ते द्राक्षमळा लावून, मद्य पिऊन उठल्यावर, आणि तो शाप असतो. हे मौन ज्यू भाष्यपरंपरेलाही खुपले. मध्ययुगीन ‘झोहार’ ग्रंथात आपल्या पिढीसाठी रदबदली न केल्याबद्दल नोहाला दोष दिलेला आहे, आणि तुलनेला तेथे उभा केला जातो तो अब्राहाम.

ही तुलना या विवेचनाच्या दृष्टीने फार सूचक आहे. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात याहवे सदोमचा नाश करण्याचे मनात आणतो आणि आपला बेत अब्राहामापासून लपवावा काय, असा विचार करतो. लपवीत नाही. त्यावर अब्राहाम त्याच्यापुढे उभा राहून विचारतो की दुष्टांबरोबर नीतिमानांचाही संहार करणार काय, आणि पन्नासापासून दहापर्यंत घासाघीस करतो. युक्तिवाद ईयाचा आहे, सरसकट शिक्षा अन्याय्य आहे हा. फक्त तो आता देवसभेतून उतरून एका मनुष्याच्या तोंडी आला आहे, आणि नाशानंतर नव्हे, नाशापूर्वी. मेसोपोटेमियन कथेतून थेट उसनवारी झाली, असे येथे म्हणता येणार नाही. तसा दावा म्हणजे सॅम्युएल सँडमेल यांनी १९६१ च्या भाषणात ज्याला समांतरतेचा उन्माद म्हटले, त्याचेच उदाहरण होईल. म्हणावयाचे आहे ते एवढेच की, एकेश्वरी संहितेत दुसरा देव उरला नाही, तेव्हा प्रतिवादाची रिकामी झालेली जागा मनुष्याला मिळाली. नोहाने ती घेतली नाही. अब्राहामाने घेतली.

तौलनिक अभ्यासाला येथे एक जुना धोका आठवावा लागतो. जानेवारी १९०२ मध्ये बर्लिन येथे कैसर दुसरा विल्हेम याच्या उपस्थितीत फ्रीड्रिख डेलिट्श यांनी बाबिलोन आणि बायबल या विषयावर व्याख्यान दिले. बायबलमधील पुष्कळसे बाबिलोनमधून आले, एवढेच प्रथम म्हणणारे डेलिट्श १९२० पर्यंत जुन्या कराराला महान फसवणूक ठरविण्यापर्यंत गेले. त्या ग्रंथातील ज्यूद्वेष उघड आहे. साम्यांची यादी तीच होती. बदलला होता तो तिच्यावरून काढावयाचा निष्कर्ष, आणि तो यादीतून निघत नव्हता. उसनवारी म्हणजे हीनता, हे गृहीतक मान्य केले की पक्ष कोणताही असो, तुलना खटल्याचे रूप घेते. ज्यांनी बायबलची नैतिक श्रेष्ठता सिद्ध करण्यासाठी बाबिलोनच्या देवांना माश्यांच्या पातळीवर आणले, त्यांचीही चूक त्याच जातीची. बेलेत-ईलीचा आक्रोश त्यांना ऐकू आलेला नाही.

साम्यांची नवी भर अजून पडत आहे. अर्व्हिंग फिंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साठ ओळींच्या पट्टिकेत नौका गोल आहे, तुंगभद्रेवर चालणाऱ्या टोपलीवजा होड्यांसारखी, पण प्रचंड, आणि त्यांच्या वाचनानुसार प्राणी जोडीजोडीने चढतात. उत्नपिश्तिमची नौका बाजूला एकशेवीस हातांचा घन, तर नोहाचे तारू तीनशे हात लांबीची पेटी. आकार बदलत राहतात. अशा तपशिलांचे मोल ‘कोफेर’सारख्या खुणेइतकेच. मार्ग दाखवितात, अर्थ सांगत नाहीत.

अर्थाच्या शोधात आणखी एक हिब्रू पुस्तक जवळचे ठरते आणि त्याचा विषय निनवे हाच आहे. योनाच्या पुस्तकात संदेष्टा नौकेत बसून पळतो. ‘योना’ या नावाचा अर्थ कबुतर. निनवेला चाळीस दिवसांची मुदत आहे. तेथील लोकांनी सोडावयाचे पाप ‘हामास’ या नोहाच्या कथेतील शब्दानेच सांगितले आहे, आणि मनुष्यांबरोबर पशूंनाही गोणपाट नेसविले जाते. देव आपला बेत बदलतो. तेथे वापरलेले क्रियापद उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायातील अनुतापाचेच आहे. तेव्हा तो अनुताप निर्मितीचा होता, आता तो नाशाचा आहे. पूर येत नाही, म्हणून संदेष्टा रुसतो. शहर नष्ट न झाल्याबद्दल संतापणारा एन्लिल येथे मनुष्य झाला आहे. या योजनेतील उपहास पुस्तकाच्या पहिल्या वाचकांना जाणवला असेल. उजव्या-डाव्या हाताचा भेद न कळणाऱ्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि पुष्कळशा जनावरांची कीव आपण करू नये काय, असे देव योनाला विचारतो. पुस्तक तेथेच थांबते. योनाचे उत्तर दिलेले नाही. ज्या नगराविषयी हा प्रश्न विचारला गेला, त्याच्याच ढिगाऱ्यात असुरबनिपालाच्या ग्रंथालयातील अकरावी पट्टिका ईयाच्या भाषणासह एकोणिसाव्या शतकापर्यंत पुरलेली होती.